अर्धी टाकी

सीट क्र. १, चालक

सकाळी बीडला पासिंग झालं, दुपारी दोनला गाडी चौसाळ्याला दारात उभी राहिली आणि तीनला धोंडीराम वेल्डर आला. त्याच्या टमटमवर लोखंडी कॅरिअर उताणं पडलं होतं आणि कॅरिअरच्या पोटात पाचशे लिटरची काळी टाकी.

उत्तरेश्वरने ते आरशात पाहिलं. तो स्टिअरिंगपाशी बसून होता. स्टिअरिंगवरचं प्लास्टिक काढायचा त्याला अजून धीर झाला नव्हता.

त्याला नवल वाटलं नाही. पास झालेली गाडी त्याच दिवशी धोंडीरामकडे जाते, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. साहेबाने पाहिलेली गाडी एक आणि रस्त्यावर पळणारी दुसरी. उत्तरेश्वरने बारा वर्षं काळी-पिवळी जीप चालवली होती. पासिंगला तिच्यात माणशी एक सीट असायची, दुसऱ्या दिवशी चौदा माणसं. टपावरची वेगळी.

"आप्पा, आधी कॅरिअर बसवू का टाकी जोडूनच चढवू?" धोंडीरामने विचारलं.

"काहीच चढवायचं नाही," शिवकन्या म्हणाली.

धोंडीरामने आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणजे बद्रीनाथ आप्पा, टॅक्सीवाल्यांच्या सहकारी संस्थेचे चेअरमन, उत्तरेश्वरचे चुलते. शिवकन्या त्यांची थोरली, वडवणीला दिलेली, त्याच संस्थेची सचिव. संस्थेच्या दहा गाड्या येणार होत्या. ही पहिली. उरलेल्या नऊ सोमवारी पास व्हायच्या होत्या, आणि त्यांच्या हमीपत्राचा कागद शिवकन्येच्या पिशवीत होता. त्यावर सचिवाची सही झाली होती. चेअरमनची जागा कोरी होती.

"टाकी चढंल," आप्पा म्हणाले. "मग सही करीन. आधी टाकी."

"मग सोमवारी एकही गाडी पास होणार नाही."

"नगं होऊ दे." आप्पांनी गुडघ्यावरचा टॉवेल उचलून झटकला.

टॉवेल झटकला म्हणजे आप्पा उठणार. उठले की विषय संपला. घरातल्या सगळ्या भांडणांचा शेवट असाच झाला होता. थोरल्या वावराची वाटणी, शिवकन्येचं कॉलेज, मागल्या सालची संस्थेची निवडणूक. आप्पा उठायचे, दारातून बाहेर पडायचे, आणि मागे राहिलेल्यांना त्यांच्या मनासारखं करावं लागायचं.

शिवकन्या त्यांच्या आणि फाटकाच्या मध्ये उभी राहिली.

"आज उठून जायचं नाही, आप्पा. जे बोलायचं ते गाडीत बसून. आणि बेल्ट लावून. ज्याचा बेल्ट नाही त्याचं मत नाही."

"कावून? पोरखेळ हाय का?"

"आत थंडी हवा लागती म्हणं," विमलबाई, आप्पांची बायको, म्हणाल्या आणि नवऱ्याची वाट न पाहता मधल्या सीटवर जाऊन बसल्या. "उत्तरेश्वर, लाव रे बाबा ते. बघू तरी."

बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन होतं. आप्पा थोडा वेळ उन्हात उभे राहिले आणि मग पुढच्या सीटवर येऊन बसले. शिवकन्या आणि उत्तरेश्वरची आई मंजुळाबाई मागे विमलबाईंशेजारी बसल्या. उत्तरेश्वरने वाकून त्यांच्या पोटावरून बेल्ट घेतला. खट्ट आवाज झाला. टॉवेल बेल्टखाली अडकला.

हमीपत्र, कलम तीन

वाहनाच्या आसनांच्या संख्येत, टपावर, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये अथवा वेगमर्यादा यंत्रात कोणताही बदल करणार नाही. प्रत्येक आसनास सुरक्षा पट्टा राहील व तो वापरात राहील.

सचिव: (सही)

चेअरमन:

सीट क्र. २, चालकाशेजारी

बेल्ट लावून बोलायचं म्हणजे आप्पांना न्हाव्यापुढे मान धरून बोलल्यासारखं वाटत होतं. पुढे वाकावं तर बेल्ट ओढून धरी. मागे वळून लेकीकडे पाहता येत नव्हतं. ती त्यांना आरशात दिसत होती, आणि आरशातली शिवकन्या त्यांच्याकडे सरळ पाहत होती.

त्यांची बाजू पक्की होती. पाऊस हुकल्याचं तिसरं वर्ष. डोंगराकडच्या वस्तीवर टँकर चार दिवसांनी यायचा आणि कधी यायचाच नाही. पालीच्या धरणाखालची एक विहीर तेवढी टिकून होती. तिथून पाणी घ्यायला मालक हो म्हणाला होता, पण आणायचं कसं? संस्थेच्या गाड्या बीडहून पालीवरूनच चौसाळ्याला येणार. मारुतीच्या पारावर संस्थेची सभा झाली तेव्हा वस्तीवरच्या बाया मागे उभ्या होत्या. साखराबाई, सगळ्यांत म्हातारी, ओरडून म्हणाली होती की तुमच्या टॅक्सीत आमी कवा बसणार, आमाला काय त्याचं. तेव्हा आप्पा उभे राहून बोलून गेले होते की उत्तरेश्वरच्या गाडीच्या टपावर दर खेपेला टाकी येईल, तुमच्या दारापर्यंत येईल.

"शब्द दिलाय मी," आप्पा म्हणाले. "चारचौघात. साखराबाईला दिलाय."

"मला विचारून दिला का?"

"तुला कावून विचारू? मी चेअरमन हाय."

"मग हमीपत्रावर पण तुमचीच सही लागते. ती द्या."

"हे कागद शहरासाठी असतेत, शिवा. बीडात स्टँडपासून दवाखान्यापस्तोर धर तुझा नियम. बेल्ट लाव, ऐंशीच्या आत पळीव, लाव काय लावायचं ते. पण पालीपसून हिकडं आमचा रस्ता हाय."

"गाडी तीच आहे, आप्पा. पालीला आल्यावर टाकी हवेतून येऊन बसणार आहे का?"

मागून मंजुळाबाई फसकन हसली आणि तिने पदर तोंडाला लावला. आप्पांना ते आवडलं नाही. भावजय आपल्या बाजूची आहे असं ते धरून चालले होते.

"बरं, ऐक," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणला. सभेत मतं फुटायला लागली की ते असाच आवाज खाली आणत. "पूर्ण भरायची न्हाई. अर्धीच भरू. अडीचशे लिटर. म्हंजी चार माणसं. काळी-पिवळीच्या टपावर आठ-आठ बसायची. काय झालं कवा? विचार ह्याला."

उत्तरेश्वरने प्लास्टिकवरून अंगठा फिरवला. "आक्का, अर्धीला काय व्हत न्हाई. हळू घेईन मी वळणावर."

आप्पांनी आरशात पाहिलं. चार माणसं म्हटल्यावर शिवकन्या बोटांवर वजन मोजत होती. आप्पांना बरं वाटलं. उठता येत नसलं तरी जिंकता येत होतं.

सीट क्र. ५

मंजुळाबाई खिडकीशी बसली होती. तिचा नवरा त्रिंबक, आप्पांचा धाकटा भाऊ, चारा छावणीवर जनावरांपाशी होता. तो असता तर आप्पांच्या हो ला हो म्हणाला असता. म्हणून त्याच्या वाटचं हो तिने मनात धरलंच होतं.

शिवाय तिचं एक साधं गणित होतं. टाकी आली की वस्तीवर पोराचं नाव होणार. उत्तरेश्वर आला, पाणी आलं. बारा वर्षं लोक त्याला नुसते 'दाबून बसव' म्हणत आले होते.

"बाई," ती जावेला हळूच म्हणाली, "अर्धी भरू द्या की. बिचारे आप्पा एवढं खाली आलेत."

 गाडीतला थंड वारा विमलबाईंच्या केसांवर येत होता आणि त्या समोरच्या काचेतून अंगणातल्या रांजणाकडे पाहत होत्या.

"मी सांगते काय होतं," शिवकन्या म्हणाली. "पासिंगच्या साहेबाने मला दाखवलं. वजन खाली असलं तर गाडी रस्ता धरून राहते. वजन टपावर गेलं की वळणावर बाहेर ओढते. गाडी आधीच उंच आणि अरुंद, त्यात..."

"साहेबानं कवा मांजरसुंब्याचा घाट उतरलाय का?" आप्पा म्हणाले.

"घाट कशाला उतरायला पाहिजे?"

"मग त्याला काय कळतंय, बे." हे ते उत्तरेश्वरला म्हणाले. उत्तरेश्वर हसला.

मंजुळाबाईही हसली. तिने पंधरा हंगाम ऊसतोडीला कोयता धरला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसारावर बसून कारखान्याला गेलेली बाई ती, टपाचं भय तिला कोण दाखवणार? वळणावर आपण आत झुकायचं, पोरांना आत दाबायचं, दोरी धरायची. झालं.

बाहेर

धोंडीराम टमटमला टेकून विडी ओढत होता. काचा बंद असल्यामुळे त्याला फक्त तोंडं हलताना दिसत होती. एकदा त्याने काचेवर बोट वाजवलं. शिवकन्येने काच चार बोटं खाली घेतली.

"ऊन उतरलं तर वेल्डिंगला बरं दिसत न्हाई, म्हणून म्हणतो."

"तुम्ही बेल्ट लावलाय का?"

"मला कुठं बेल्ट?"

"मग थांबा." काच वर गेली.

सीट क्र. ३

विमलबाईंना त्या गाडीत एकच गोष्ट खटकत होती. आत बसलेल्या दोन पुरुषांपैकी एकानेही आयुष्यात पाणी डोक्यावर वाहिलं नव्हतं, आणि ते पाण्याबद्दल बोलत होते.

"अर्धी कावून?" त्यांनी विचारलं.

"आँ?" आप्पा म्हणाले.

"टाकी अर्धी कावून भरायची?"

"वजन कमी व्हावं म्हणून. दुसरं काय."

"मग मी अर्धा हंडा कावून आणीत न्हाई?"

उत्तरेश्वरने गाडीचा पंखा कमी केला. 

"बेचाळीस वर्षं झाली तुमच्या घरात," विमलबाई म्हणाल्या. "खालच्या आडावरून आणलं, बोअरवरून आणलं, रस्त्यावरच्या टँकरवरून आणते. कवा अर्धा हंडा डोक्यावर बघितला का तुमी? दमलेली असो, पोटुशी असो, बाई हंडा भरूनच उचलते. न्हाई उचलत तर कळशी घेते, आन् ती बी काठोकाठ भरते."

"खेपा कमी व्हाव्यात म्हणून," उत्तरेश्वर म्हणाला.

"तुझ्या मायला इचार."

मंजुळाबाईचा चेहरा बदलला होता. तिने खिडकीवरचा हात खाली घेतला.

"अर्धा हंडा मान मोडतो," ती हळू म्हणाली. "आतलं पाणी चालतं. आपण थांबलो तरी ते थांबत न्हाई."

"बायकांचं काही बी," आप्पा म्हणाले. "साठ किलोचं पोतं वाहिलंय मी पाठीवर."

"पोतं गप बसतं, अवं." विमलबाईंनी आपल्या बेल्टचं लाल बटण शोधलं. पहिल्याच दाबाला ते सुटलं आणि त्यांना बरं वाटलं. "उतरा खाली. अर्धा हंडा न्या डोक्यावर फाटकापस्तोर आन् परत. सांडला न्हाई तर चढवा टाकी. मी काही म्हणणार न्हाई, ही बी म्हणणार न्हाई. काय गं?"

शिवकन्येने आईकडे पाहिलं. हमीपत्र तिच्या मांडीवर होतं. दहा महिने तिने त्या कागदापायी बीडच्या कचेऱ्यांत काढले होते. बीडच्या रस्त्यावर बाई परक्या माणसाच्या मांडीवर बसून दवाखान्यात जाणार नाही, एवढ्यासाठी. पहिलीच गाडी घरच्या अंगणात मोडली, तर उरलेल्या नऊ जणांना ती कोणत्या तोंडाने अडवणार होती?

"सांडला नाही तर मी सचिवपद सोडते," ती म्हणाली. "तुम्ही दुसरा सचिव नेमा, त्याची सही घ्या. पण सांडला तर तुम्ही इथं बसून सही करायची."

"लई माजलात मायलेकी," आप्पा म्हणाले, आणि बेल्ट सोडायला बटण शोधू लागले. ते त्यांना सापडेना. उत्तरेश्वरने दाबून दिलं.

बाहेर, पुन्हा

विमलबाईंनी हंडा भरला तो भांडी घासलेल्या पाण्याने. प्यायचं पाणी असल्या कामाला कुणी घेतलं नसतं. त्यांनी तो बरोब्बर निम्मा भरला आणि सगळ्यांना वाकून पाहायला लावला. मग नवऱ्याच्या हातातला टॉवेल घेऊन त्याची चुंबळ केली.

"टोपी काढा."

"टोपी राहू दे."

"मग चुंबळ बसायची न्हाई."

आप्पांनी टोपी उत्तरेश्वरकडे दिली. चेअरमनला डोक्यावर चुंबळ घेऊन उभं राहिलेलं पाहताच धोंडीरामने विडी विझवली. रस्त्यावरून जाणारे दोघे फाटकाशी थांबले.

आप्पा निघाले. धोंडीरामला वाटलं होतं ते तिथल्या तिथे बसतील. पण माणूस ताठ होता. एका हाताने हंडा धरून ते सरळ चालत गेले, पावलं मोजल्यासारखी. लिंबापर्यंत गेले. लिंबापलीकडे गेले. हंड्यातून पाण्याचा बुडबुड आवाज येत होता आणि एकही थेंब बाहेर पडला नव्हता.

"बघा," आप्पा समोर बघतच म्हणाले. "अर्धाच हाय. काय व्हतंय?"

फाटकावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. उत्तरेश्वरने चुलतीकडे पाहिलं. शिवकन्येने हमीपत्राची घडी घातली.

"आता वळा," विमलबाई म्हणाल्या. "मांजरसुंब्याचं वळण समजा."

आप्पा वळले. ऐटीत, एका पावलावर, सभेत पाठीमागच्या माणसाकडे वळावं तसे. ते वळून उभे राहिले, पण पाणी अजून फाटकाकडेच निघालं होतं. ते हंड्याच्या पलीकडच्या भिंतीवर चढलं. हंडा तिकडे ओढला. आप्पांनी मान इकडे ताणली, तसं पाणी उलटून इकडे आलं, पहिल्याहून जोरात. आप्पा एक पाऊल आडवे गेले, मग दुसरं. दोन्ही हात वर गेले. हंडा त्यांच्या खांद्यावर आदळून खाली लिंबाच्या बुडाशी वाजत गेला, आणि खरकट्या पाण्याने चेअरमन मानेपासून धोतरापर्यंत भिजले.

लिंबाच्या आळ्यात पाणी जिरायला लागलं. कुणीही हसलं नाही. फाटकावरचे दोघेही नाही.

मंजुळाबाई मात्र बोलली. ती गाडीच्या दारात उभी होती.

"आप्पा, तुमी अंगणात वळलात. माझं पोरगं घाटात वळणार हाय. मागं सहा माणसं घेऊन." तिचा आवाज चढला नव्हता. "त्याच्या डोक्यावर हे कावून ठेवायचं?"

आजवर भावजयीने आप्पांना समोरासमोर प्रश्न विचारला नव्हता.

धोंडीरामने आजवर तीस-बत्तीस गाड्यांना कॅरिअर बसवली होती. पहिल्यांदाच त्याला ती गाडी कोणाची, कुठे चालते, असं एकेक आठवायला लागलं. त्याने विडीचं थोटूक खिशात टाकलं आणि टमटमवरच्या टाकीची दोरी, जी तो सोडत होता, परत आवळली.

सीट क्र. २, पुन्हा

सगळ्यांना वाटलं आता आप्पा जातील. फाटक समोर होतं आणि या वेळी मध्ये कुणी नव्हतं.

आप्पांनी खाली पडलेला टॉवेल उचलला. झटकला नाही. तोंड पुसलं, मान पुसली. मग ओल्या धोतरानिशी नव्या सीटवर येऊन बसले आणि स्वतःच्या हाताने बेल्ट ओढला. पहिल्यांदा अडकला. हळू ओढल्यावर आला.

खट्ट.

"बेल्ट लावलाय," ते म्हणाले. "आता माझं ऐका."

तिघी आणि उत्तरेश्वर आपापल्या जागी येऊन बसले. चार वेळा आवाज झाला.

"पाणी न्यायचंच हाय. शब्द मागं घेणार न्हाई मी. टाकी नसंल तर कसं न्यायचं, ते सांगा. तू सांग, शिवा. न्हाई म्हणायला तू लई हुशार हायेस, हो म्हणून दाखव."

शिवकन्या मागे वळली. मागच्या दोन सीटा रिकाम्या होत्या. त्यांच्यावरचं प्लास्टिक उन्हाने चमकत होतं.

"वीस लिटरचे कॅन," ती म्हणाली. "काठोकाठ भरलेले, झाकण घट्ट. दोन खाली पाय ठेवायच्या जागेत, एकेक सीटवर. चार कॅन. सीट काढायची नाही, काही जोडायचं नाही. पाच माणसं आणि पाणी."

"दर खेपेला दोन पाशिंजर सोडायचे म्हंजी," उत्तरेश्वर म्हणाला.

"सोडायचे."

"दहा गाड्या," विमलबाई म्हणाल्या. "चार-चार कॅन. दिवसाच्या किती खेपा रे?"

"सहा तरी व्हतील, काकू."

"टाकी तर एकाच गाडीवर व्हती. मग तिच्यापक्षा कमी न्हाई की ते."

आप्पांनी मनात गुणाकार केला. ओठ हलले. एका गाडीवरच्या अर्ध्या टाकीचं पाणी आणि दहा गाड्यांतलं हे पाणी त्यांनी दोनदा ताडून पाहिलं, आणि दोन्ही वेळा उत्तर त्यांच्या विरुद्ध आलं.

"सीटवरचा कॅन वळणावर पडंल," ते म्हणाले. त्यांना एक तरी चूक काढायची होती.

"बेल्ट आहे ना," शिवकन्या म्हणाली.

आप्पांनी हात मागे केला. तो त्या सीटवरून पूर्ण मागे पोचत नव्हता, म्हणून मंजुळाबाईने हमीपत्र घेऊन त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी ते ओल्या मांडीवर ठेवलं, मग चूक लक्षात येऊन समोरच्या कप्प्यावर धरलं. त्यांनी सही केली. ओल्या कागदावर नावातलं एक अक्षर थोडं फुटलं. ब. आप्पांनी त्यावर फुंकर मारली.

"धोंडीराम," त्यांनी काच उतरवून हाक मारली. "ती टाकी वस्तीवर टाकून ये. जमिनीवर. सावलीला. आमी आणू तसं तिच्यात वतू."

"आन् कॅरिअर?"

"ते तुझ्या दारात ठेव. वाळवणाला व्हईल."

सीट क्र. ६ आणि ७

चार कॅन, निळे. दोन बसलेले, दोन खाली उभे. बसलेल्यांच्या पोटावरून बेल्ट.

पालीच्या विहिरीपासून मांजरसुंब्यापर्यंत उत्तरेश्वर सारखा आरशात बघत होता. घाटाच्या वळणावर त्याने वेग तोडला आणि कान मागे लावले. मधल्या सीटवरचे दोन पाशिंजर बोलत होते, एक पोरगी झोपली होती. कॅनमधून बुडबुड असा आवाज आला नाही. स्टिअरिंगवरचं प्लास्टिक त्याने सकाळीच फाडून काढलं होतं.

आप्पा पुढच्या सीटवर होते. पहिल्या खेपेला स्वतः येणार म्हणून बसले होते.

वस्तीवर साखराबाई हंडा घेऊन थांबली होती. तिने गाडीचं टप पाहिलं. टपावर काही नव्हतं.

"टाकी म्हणला व्हतास, आप्पा."

"आत हाय पाणी, मावशी."

तिने मागच्या दारातून डोकं आत घातलं आणि कॅनवरच्या बेल्टवर बोट ठेवलं. "ह्याला बी बांधलंय?"

"ह्यालाच आधी."

"पळून जाईल म्हणून?"

"मला भिजवलंय त्यानं काल," आप्पा म्हणाले. "बायकोनं सांगितलं असंल तुला."

"साऱ्या गावानं सांगितलंय."

उत्तरेश्वरने कॅन सोडवले. तीन जमिनीवरच्या टाकीत गेले. चौथा आप्पांनी साखराबाईच्या हंड्यात उपडा केला, आणि तो भरत येऊनही ते थांबले नाहीत. पाणी काठाला लागलं, काठावर थरथरलं, तेव्हा हात वर घेतला. मग त्यांनी टोपी काढून खिशात घातली, टॉवेलची चुंबळ केली, आणि म्हातारीला हात लावू न देता उत्तरेश्वरकडून हंडा डोक्यावर चढवून घेतला.

साखराबाईचं घर वस्तीच्या टोकाला होतं, दोन वळणं टाकून. आप्पा पहिल्या वळणाशी आले. उत्तरेश्वर लांबून पाहत होता. आप्पा थांबले, पाय जरासे फाकले, आणि आधी पावलं, मग खांदे, मग मान, असे चार छोट्या पावलांत वळले.

धुळीत मागे पाण्याचा एकही ठिपका पडला नव्हता.